दुकान ऑनलाइन, तुमचे प्रश्न: साइट उघडेपर्यंत गिऱ्हाईक गेलेलं असतं

या वेळी बहुतेक मेल एकाच विषयावर आलेत, साइट स्लो आहे आणि त्याने धंद्याला किती फटका बसतो. म्हणून हा अंक त्यालाच देऊन टाकलाय. जीएसटी आणि कुरिअरवाल्यांचे प्रश्न पुढच्या वेळी घेतो, रागावू नका.

प्रश्न: नमस्कार सर, आमचा येवल्यात पैठणीचा घरचा व्यवसाय आहे, मागच्या वर्षी वेबसाइट केली. माझ्या फोनवर साइट एकदम झटकन उघडते पण गिऱ्हाईकं फोन करून म्हणतात फोटोच दिसत नाहीत, नुसतं पांढरं दिसतंय, आणि शेवटी जाऊ द्या व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणतात. इंस्टाग्रामवरून लिंकवर येणारे बरेच आहेत पण त्या मानाने ऑर्डर नाहीत. साइट खरंच स्लो आहे का लोकांचं नेट खराब आहे? (एक वाचक, येवला)

उत्तर: दोन्ही आहे ताई. पण लोकांचं नेट काही तुमच्या हातात नाही, तेव्हा साइटचंच बघू.

तुमच्या फोनवर झटकन उघडते कारण तुम्ही ती रोज उघडता, फोटो फॉन्ट सगळं आधीच फोनमध्ये साठवलेलं असतं, आणि वर घरचं वायफाय. गिऱ्हाईक पहिल्यांदाच येतंय, ते पण इंस्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमधून, एसटीत बसून नेटवर्क येतंय जातंय अशा ठिकाणी, त्याला सगळं पहिल्यापासून डाउनलोड करावं लागतं. घरातला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा, इन्कॉग्निटोमध्ये साइट उघडा आणि मनात आकडे मोजा. गिऱ्हाईकाला काय दिसतंय ते तेव्हा कळेल.

मी तुमची साइट उघडून बघितली. पहिल्या पानावर २४ साड्या आहेत आणि फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून काढून दिलेल्या फाइली तशाच्या तशा चढवल्यात, ६००० बाय ४००० पिक्सेल, एकेक फोटो ६-७ एमबीचा. म्हणजे एकच पान दीडशे एमबीच्या पुढे गेलं! फोनवर एका ओळीत दोन साड्या दिसतात, तिथे ६०० पिक्सेल रुंदीचा फोटो भरपूर झाला, साडीच्या स्वतःच्या पानावर १२०० पुरे. वेबपी नावाच्या हलक्या फोटो फॉरमॅटमध्ये सेव्ह केलं की छोटा फोटो ५०-६० केबीत बसतो, म्हणजे अख्खं पहिलं पान दीडेक एमबीत येईल. यासाठी डेव्हलपर पण लागत नाही, स्क्वूश नावाचं गूगलचं फुकट टूल ब्राउझरमध्ये चालतं, एकेक फोटो टाकायचा, रुंदी कमी करायची, वेबपी निवडायचं. साड्या जास्त असतील आणि साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल तर एकदम सगळे फोटो बारीक करणारी प्लगिन, म्हणजे वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर, मिळतात.

आता पैठणीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, जी कुठल्याही स्पीडच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. फोटो बारीक करताना सॉफ्टवेअर आधी रंगाची माहिती कमी करतं, उजेड-सावलीची त्यामानाने जपतं, कारण आपल्या डोळ्याला रंगातला बारीक फरक कमी कळतो. सगळीकडे हे खपून जातं पण लाल किंवा राणी कलरच्या पदरावर सोनेरी जरीकाम असलं की तिथे नेमकं उघडं पडतं, मोराच्या कडा फुगल्यासारख्या दिसतात आणि लाल रंग जरीत उतरल्यासारखा वाटतो. वेबपीमध्ये नेहमीच्या सेटिंगला हे होतंच. गिऱ्हाईकाला कारण कळत नाही पण जरीकाम खोटं वाटतं, आणि वीस-पंचवीस हजाराच्या साडीत ते परवडायचं नाही. म्हणून यादीतले आणि पहिले फोटो वेबपी ठेवा, पण पदराचा क्लोजअप जेपीजीत ठेवा, क्वालिटी ८५-९० आणि क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाची माहिती कमी करायची ती सेटिंग, बंद करून, आणि तो मोठा फोटो गिऱ्हाईकाने बोट लावून झूम केल्यावरच लोड होऊ दे. ज्याला साडी घ्यायचीच आहे तो पदर बघायला दोन सेकंद थांबतो हो, पहिल्या पानाला थांबत नाही.

अजून एक, तुमच्या साइटवर सगळेच फोटो लेझी लोडवर टाकलेत, म्हणजे खाली सरकवलं की मग येतात. चांगली गोष्ट आहे पण अगदी वरच्या पहिल्या फोटोला ते काढा. जो फोटो सगळ्यात आधी दिसायला पाहिजे त्यालाच थांब म्हणून सांगितलंय आपण, म्हणून ते पांढरं दिसतंय.

प्रश्न: आमचं कोल्हापूरला मसाले आणि चटण्यांचं काम आहे. साइट फास्ट करून द्यायला डेव्हलपरने १८ हजार सांगितलेत. आमचे हे म्हणतात साइट दोन सेकंदात उघडली काय नि पाच सेकंदात उघडली काय, ज्याला कांदा-लसूण मसाला पाहिजे तो घेणारच की. खरंच विक्रीत फरक पडतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: वहिनी, तुमच्या ह्यांचं निम्मं बरोबर आहे. जुनं गिऱ्हाईक, ज्याच्या जिभेला तुमची चटणी लागलीय, ते पाच काय दहा सेकंद पण थांबेल. प्रश्न नवीन माणसाचा आहे, जो जाहिरात बघून आलाय आणि तुमचं नाव पण धड त्याच्या लक्षात नाही.

आकडे पाहिजेत तर आहेत. व्होडाफोनने इटलीत २०२१ च्या सुमारास एक प्रयोग केला, दिसायला एकसारखी दोन पानं, फरक फक्त वेगाचा, निम्म्या लोकांना हे दाखवलं निम्म्यांना ते. ज्या पानावर मुख्य मजकूर दिसायचा वेळ ३१ टक्क्यांनी सुधारला होता तिथे विक्री ८ टक्के जास्त झाली. मला हा आकडा सगळ्यात जास्त पटतो कारण दोन्हीकडे ऑफर तीच, रंग तेच, दिवस तेच. डेलॉइटचा २०२० चा अभ्यास सगळे तोंडावर फेकतात, मोबाइल साइट ०.१ सेकंदाने फास्ट झाली तर रिटेलमध्ये खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण ८.४ टक्क्यांनी वाढलं असा. पण तो गूगलने करून घेतलेला, युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या ब्रँडचा, तो आपल्या चटणीला जसाच्या तसा लावू नका. आणि ॲमेझॉनचं ते १०० मिलिसेकंद उशीर म्हणजे १ टक्का विक्री कमी, ते तिथे काम केलेल्या ग्रेग लिंडन यांनी २००६ मध्ये सांगितलेलं आहे, वीस वर्षं होत आली, अजून प्रत्येक एजन्सीच्या प्रेझेंटेशनमध्ये पहिल्या स्लाइडला तेच असतं.

त्यापेक्षा स्वतःचा आकडा काढा, तो फुकट मिळतो. तुम्ही फेसबुक-इंस्टाग्रामवर जाहिरात करता ना, मग ॲड्स मॅनेजरमध्ये दोन कॉलम शेजारी लावा, एक लिंक क्लिक आणि दुसरा लँडिंग पेज व्ह्यू. पहिला म्हणजे किती जणांनी जाहिरातीवर बोट ठेवलं, दुसरा म्हणजे त्यातल्या किती जणांकडे तुमचं पान खरंच उघडलं. यासाठी साइटवर फेसबुकचा पिक्सेल, म्हणजे भेटींची नोंद ठेवणारा छोटा कोड, बसवलेला पाहिजे, बहुतेक असेलच. दोन्हीत थोडा फरक राहणारच, चुकून बोट लागणारे असतात. पण समजा १००० क्लिक आणि ६०० व्ह्यू असं दिसलं तर त्या ४०० मधल्या बऱ्याच जणांचे पैसे तुम्ही भरलेत आणि त्यांनी तुमचा मसाला बघितलेला पण नाही. महिन्याच्या जाहिरातीचा खर्च घ्या, तेवढा हिस्सा काढा आणि तो कागद ह्यांच्यासमोर ठेवा. रक्कम हजार-पाचशेच निघाली तर १८ हजार घालू नका, आधी वरचं फोटोंचं काम घरीच करा. पाच-सहा हजार निघाली तर तीन-चार महिन्यांत खर्च वसूल आहे.

प्रश्न: देवगडहून लिहितोय. आमची बाग आहे, हापूस थेट साइटवरून विकतो. अकरा महिने साइट ठीक चालते आणि अक्षय तृतीयेच्या आधी नेमकी बसते, कधी पान फिरतच राहतं, कधी ५०८ असं काहीतरी येतं. होस्टिंगवाला म्हणतो मोठा प्लॅन घ्या. आंबा चार दिवस थांबत नाही हो, ऑर्डर गेली की गेली. घेऊ का प्लॅन? (एक बागायतदार)

उत्तर: काका, लगेच नको. ५०८ दिसतंय म्हणजे तुम्ही शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथे, आहात आणि तुमच्या वाट्याला जेवढी ताकद ठरवून दिलीय तेवढी संपली असा त्याचा अर्थ. प्लॅन वाढवून आज भागेल, पण ती ताकद खातंय कोण ते बघायला पाहिजे.

वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगिन लावलेली साइट असेल तर प्रत्येक माणूस आला की सर्व्हर पान नव्याने बनवतो, डेटाबेसला शंभर गोष्टी विचारतो, पेटीचा भाव काय, मेनूत काय आहे, आणि हेच दुसऱ्या माणसासाठी परत, तिसऱ्यासाठी परत. खरं तर आंब्याच्या पानावर दिवसभर काहीच बदलत नाही. पेज कॅशिंग चालू केलं की पान एकदा बनतं आणि पुढे सगळ्यांना तेच तयार पान जातं, तोच स्वस्तातला सर्व्हर मग कितीतरी पट लोक झेलतो. बरेच होस्टिंगवाले ही सोय आधीच देतात, फक्त बटण कुणी दाबलेलं नसतं. एक खबरदारी घ्या, कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही पानं कॅशिंगमधून वगळा, नाहीतर एकाची टोपली दुसऱ्याला दिसेल. आणि ‘फक्त १२ पेट्या शिल्लक’ असं लिहायची सवय असेल तर तो आकडा पण जुनाच दिसत राहील, तेवढा तुकडा वेगळा मागवायला डेव्हलपरला सांगा किंवा सरळ काढून टाका.

दुसरं, तुमचा सर्व्हर आहे कुठे ते विचारा. स्वस्त प्लॅन बरेचदा अमेरिकेतल्या मशीनवर असतात. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाऊन यायला सिग्नलला २०० मिलिसेकंद किंवा जास्तच लागतात, आणि पानाचं पहिलं अक्षर यायच्या आधी असे किमान तीन हेलपाटे होतात, एक ओळख द्यायला, एक सुरक्षित जोडणी करायला, एक पान मागायला. म्हणजे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाचा अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ नुसत्या प्रवासात जातो, सर्व्हरच्या कामाचा वेळ वेगळाच. आता मुंबईत डेटा सेंटरांची कमी नाही, ॲमेझॉनने २०१६ मध्येच इथे क्लाउड सुरू केलं, त्याच पैशात मुंबईचं लोकेशन देणारे होस्टिंगवाले मिळतात. क्लाउडफ्लेअर, म्हणजे साइटच्या फाइली जगभरच्या आपल्या सर्व्हरांवर साठवून तिथून देणारी सेवा, तिचा फुकट प्लॅन लावलात तर फोटो तिच्या सर्व्हरवरून जायला लागतील, पण तो मूळ पान आपणहून साठवत नाही, फक्त फोटो आणि तसल्या फाइली साठवतो, हे कुणी सांगत नाही आणि मग लोक म्हणतात लावलं तरी काही फरक नाही.

आणि काका, एक प्रश्न मला तुम्हाला विचारायचाय, तुम्ही ‘बुकिंग सुरू’चा व्हॉट्सॲप मेसेज सगळ्या याद्यांवर एकाच वेळी टाकता का? बहुतेक टाकत असाल. जुन्या गिऱ्हाईकांना सकाळी, बाकीच्यांना दुपारी, मुंबईच्या सोसायट्यांना संध्याकाळी असा पाठवून बघा, फुकटातला उपाय आहे. हे सगळं करून पण बसली तर सीझनच्या दोन महिन्यांपुरता मोठा प्लॅन घ्या आणि जूनमध्ये खाली या. वर्षभराचा घेऊ नका, तो कितीही गळ घालू दे. आणि हे सगळे बदल फेब्रुवारीतच करून घ्या, मोहर बघायच्या दिवसांत. एप्रिलमध्ये चालत्या साइटला हात लावायचा नाही.

प्रश्न: पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासायच्या टूलमध्ये आमच्या केकच्या साइटचा स्कोअर मोबाइलला ३८ येतो. एका एजन्सीने ९० च्या वर नेऊन देतो, त्याशिवाय गूगलवर वर येणारच नाही असं सांगितलंय. स्कोअर रोज वेगळा पण येतो, कधी ३४ कधी ४५. नक्की काय समजायचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: त्या टूलच्या पानावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक खालचीच बघतात. खालचा गोल आकडा म्हणजे गूगलच्या मशीनने एक साधा फोन आणि संथ ४जी असल्याचं धरून घेतलेली चाचणी, म्हणून तो आज ३४ उद्या ४५. वरचा भाग म्हणजे क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांना गेल्या २८ दिवसांत तुमची साइट कशी चालली त्याची नोंद. शोधात गूगल विचारात घेतं ते हे वरचं, गोल आकडा नाही. तिथे तीन गोष्टी असतात. मुख्य फोटो किंवा मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत काहीतरी हललं पाहिजे, हे मार्च २०२४ पासून आलंय. आणि तिसरं, पान उघडताना उड्या मारता कामा नये, म्हणजे तुम्ही चॉकलेट केकवर बोट ठेवायला जाता, वरून एक बॅनर येऊन बसतो आणि बोट पडतं पायनॅपलवर. दर चारपैकी तीन भेटींत हे जमलं की पास. तुमची साइट लहान असेल, लोक कमी येत असतील तर वरचा भाग रिकामाच दिसेल, मग तो जुन्या फोनवाला प्रयोग करा.

आणि शोधात वेग हा अनेकांपैकी एक मुद्दा आहे. ‘येणारच नाही’ हे धादांत खोटं. तुमच्या भागात केक शोधणाऱ्याला गूगल आधी जवळचं दुकान आणि रिव्ह्यू दाखवतं.

एजन्सीला एवढंच विचारा, स्कोअर वाढवायला काय काय करणार ते लिहून द्या. कारण एक चलाखी सर्रास चालते, साइटवरची चॅट, ट्रॅकिंग, स्लायडर ही सगळी स्क्रिप्ट माणसाने स्क्रीनला हात लावेपर्यंत दाबून ठेवायची. गूगलचं मशीन हात लावत नाही, त्यामुळे त्याला साइट हलकीफुलकी दिसते, स्कोअर ९२! खऱ्या माणसाने पहिलं बोट लावलं की सगळं एकदम अंगावर येतं आणि मेनू उघडायला दोन सेकंद. स्कोअर हिरवा, गिऱ्हाईक लाल. त्यापेक्षा ती स्क्रिप्ट काढा की, स्वागताचा पॉपअप, बर्फ पडतानाचं ॲनिमेशन, दोन-दोन चॅटचे बुडबुडे, ‘ठाण्याच्या अमुकने आत्ता केक घेतला’ हे सांगणारी ती पट्टी. ती पट्टी तर कुणालाच खरी वाटत नाही.

प्रश्न: सोलापूरला आमचा चादरी-टॉवेलचा होलसेल आणि रिटेल आहे. मुलगा म्हणतो वेबसाइट स्लो पडते तर ती बंद करून सरळ ॲप काढू, ॲप फास्ट असतं. काय करावं? (एक व्यापारी)

उत्तर: चिरंजीवांना २०१५ ची गोष्ट सांगा. त्या वर्षी मिंत्राने वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं, आणि फ्लिपकार्टने मोबाइल साइट बंद करून लोकांना ॲपकडे ढकललं. वर्ष संपायच्या आत फ्लिपकार्टला फ्लिपकार्ट लाइट नावाची हलकी मोबाइल साइट परत आणावी लागली, मिंत्रा २०१६ मध्ये वेबसाइटवर परत आलं. एवढा पैसा आणि एवढी माणसं असून हे झालं. आणि फ्लिपकार्ट लाइटमध्ये डेटा कमी लागायचा, होम स्क्रीनवर ठेवता यायचं, त्या होम स्क्रीनवरून येणाऱ्यांमध्ये खरेदीचं प्रमाण ७० टक्के जास्त होतं असं त्यांनीच सांगितलेलं. म्हणजे लोकांना ॲपच पाहिजे असं काही नव्हतं.

दोन-तीन वर्षांत एकदा चादर घेणारा माणूस तुमचं ॲप कशाला ठेवेल, फोनमध्ये जागा संपली की पहिलं तेच उडणार. होलसेलचे नेहमीचे दुकानदार असतील, दर आठवड्याला ऑर्डर टाकणारे, तर त्यांच्यासाठी ॲपचा विचार पुढे करा. रिटेलला साइटच हलकी करा.

प्रश्न: आम्ही मराठी पुस्तकं विकतो, साइट पूर्ण मराठीत आहे. अक्षरंच उशिरा दिसतात, आधी चौकटी रिकाम्या. इंग्रजी साइटवर असं होत नाही, मराठीमुळे होतं का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: थोडं मराठीमुळे, जास्त थीममुळे. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांसाठी बरीच जास्त चिन्हं लागतात म्हणून फाइल रोमन फॉन्टपेक्षा मोठी असते, आणि तुमच्या थीमने बारीक, मध्यम, ठळक, अतिठळक असे सहा प्रकार मागवलेत. दोन ठेवा, साधा आणि ठळक. फॉन्ट डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या हलक्या फॉरमॅटमध्ये असू दे, आणि डेव्हलपरला म्हणावं फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप कर, म्हणजे तुमचा फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरं दिसतील, पुस्तकाचं नाव तरी वाचता येईल. पाच मिनिटांचं काम आहे, याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न: पैसे भरल्यावर साइट खूप वेळ फिरत राहते, गिऱ्हाईक कंटाळून बंद करतं. मग त्यांच्या खात्यातून पैसे गेलेले असतात आणि आमच्याकडे ऑर्डरच नसते, रोज भांडणं. (दागिन्यांचं दुकान, नाशिक)

उत्तर: तुमची साइट ऑर्डर कधी नोंदवते ते तपासा. बहुतेक गिऱ्हाईक यूपीआय ॲपमधून परत तुमच्या ‘धन्यवाद’च्या पानावर आलं की मगच नोंदवत असेल, आणि ते पान जड असल्यामुळे तिथे पोचायच्या आतच माणूस निघून जातो. पेमेंट गेटवेमध्ये वेबहुक नावाची सोय असते, पैसे आले की गेटवे परस्पर तुमच्या सर्व्हरला कळवतो, गिऱ्हाईकाचा फोन बंद पडला तरी. ते चालू करून घ्या आणि ऑर्डर त्यावरच पक्की करा. चेकआउटच्या पानांवरून चॅट, ‘हे पण बघा’ आणि इंस्टाग्रामची फोटोपट्टी काढून टाका. ‘पैसे भरा’ बटण एकदा दाबलं की लगेच बंद होऊन ‘थांबा, चालू आहे’ असं दिसलं पाहिजे, नाहीतर लोक दोनदा दाबतात आणि दोनदा पैसे जातात. आत्तापर्यंत अडकलेले व्यवहार गेटवेच्या डॅशबोर्डवर दिसतील, ते रोज संध्याकाळी ऑर्डरच्या यादीशी ताडून बघा आणि ज्याची ऑर्डर सापडत नाही त्याला तुम्हीच आधी फोन करा.